दाताच्या एक्स-रेत दिसलेली मानेतली धमनी: माझ्या कॅरोटिड तपासण्यांचं वर्ष

६ ऑगस्ट २०२४, मंगळवार. खालची एक दाढ काढून तिथे इम्प्लांट बसवायचं होतं, म्हणून दातांच्या डॉक्टरांनी ओपीजी काढायला सांगितलं. ओपीजी म्हणजे सगळ्या जबड्याचा एकसंध एक्स-रे. मशीन डोक्याभोवती फिरतं, अर्ध्या मिनिटात काम होतं. आमच्या नाशिकला मला ५०० रुपये पडले. डॉक्टर मॅडमनी दाढ दाखवली, खाली हाड किती उरलंय ते दाखवलं, आणि मग त्यांचं बोट जबड्याच्या कोपऱ्याखाली सरकलं. तिथे मणक्यांच्या बाजूला दोन-तीन पांढरे ठिपके होते. "हे दातांचं नाही," त्या म्हणाल्या. "मानेतल्या धमनीत कॅल्शियम साचलं की असं दिसतं. स्वरयंत्राजवळच्या कूर्चेतही असे ठिपके दिसतात, त्यामुळे एवढ्यावरून काही ठरत नाही. पण तुम्हाला बीपी आहे. मानेची डॉपलर, म्हणजे रक्ताचा वेग दाखवणारी सोनोग्राफी, करून घ्या, दाढेचं मग बघू."

मी तेव्हा ५७ वर्षांची. सहा वर्षांपासून बीपीची गोळी चालू, साखर काठावर, बाकी तब्येत ठणठणीत. पण आईला ६६व्या वर्षी अर्धांगवायू झाला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली, आणि त्यानंतरची चार वर्षं ती अंथरुणावर होती. तिला ताट भरवताना मी तिच्या डोळ्यांत जे पाहिलंय ते विसरणं शक्य नाही. त्यामुळे 'मानेतली धमनी' हे शब्द ऐकल्यावर मला दुसरं काही ऐकूच आलं नाही. रिक्षात बसेपर्यंत हात गार पडले होते.

आता हे सगळं पार पडलंय. हातात असाच रिपोर्ट घेऊन कुणी बसलं असेल तर त्यांच्यासाठी घडलं तसं क्रमाने लिहिते.

डॉपलरसाठी चिठ्ठी लागते. दातांच्या डॉक्टरांची चिठ्ठी चालते का, म्हणून सेंटरला फोन केला, तर चालेल म्हणाले. ९ ऑगस्टची, म्हणजे नागपंचमीची सकाळची वेळ मिळाली. २,२०० रुपये. उपाशी जावं लागत नाही. मोठ्या गळ्याचा ड्रेस घालावा आणि गळ्यातलं घरीच काढून ठेवावं, कारण मंगळसूत्र काढून कुठे ठेवायचं ही तिथे उगीच धांदल होते. खांद्याखाली उशी देऊन झोपवतात, मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळवायला सांगतात आणि जेल लावून कानाच्या खालपासून गळ्याच्या हाडापर्यंत प्रोब फिरवतात. मध्येच स्पीकरवर आपल्याच रक्ताचा 'हूश्श-हूश्श' असा आवाज येतो. दुखत काहीच नाही. उजवी बाजू भराभर झाली. डाव्या बाजूला डॉक्टर एका जागी थांबून राहिले, परत परत तिथेच आले. ती दहा मिनिटं फार जड गेली.

रिपोर्ट संध्याकाळी मिळाला. उजवीकडे आयएमटी (धमनीच्या भिंतीची जाडी) ०.८ मिलिमीटर, डावीकडे १.१. डाव्या कॅरोटिडच्या, म्हणजे मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या धमनीच्या, बल्बमध्ये (फुगीर भागात) प्लाक, काही भाग कॅल्शियमचा, काही मऊ. अरुंदपणा ७० टक्के. रक्ताचा कमाल वेग सेकंदाला १३२ सेंटिमीटर.

७० टक्के! घरी सगळ्यांच्या डोक्यात तो एकच आकडा बसला. मुलगी पुण्याहून रात्रीच निघायला तयार झाली. ह्यांनी मला जिना चढू दिला नाही. खरं तर त्या कागदावरची सगळ्यात कामाची माहिती त्या आकड्याच्या खालच्या ओळीत होती, ते कळायला पुढे बरेच दिवस गेले.

दुसऱ्या दिवशी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. ते आम्हाला पंचवीस वर्षं ओळखतात. त्यांनी आधी स्टेथोस्कोप मानेवर ठेवून ऐकलं. अरुंद जागेतून रक्त जाताना कधी सूं-सूं ऐकू येतं, माझ्यात ते नव्हतं, पण ते नाही म्हणजे आजार नाही असं धरायचं नसतं हेही त्यांनी सांगितलं. मग कागदावर धमनीचं चित्र काढलं. भिंतीला तीन थर. त्यातले आतले दोन सोनोग्राफीत दोन समांतर रेघांसारखे दिसतात आणि त्यांची जाडी म्हणजे आयएमटी. १९८६ साली मिलानच्या पाओलो पिग्नोली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोनोग्राफीत मोजलेली जाडी आणि प्रत्यक्ष धमनीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून मोजलेली जाडी जुळते असं दाखवलं, तेव्हापासून मान हा सगळ्या धमन्यांत डोकावण्याचा मार्ग झाला. मान का, तर ती धमनी त्वचेला जवळ आहे आणि सुई न टोचता दिसते.

जाडी आणि प्लाक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. भिंत वयाबरोबर सगळ्यांचीच जाड होते, वर्षाला साधारण मिलिमीटरचा शंभरावा भाग. बीपीमुळेही होते. प्लाक म्हणजे एका जागी आत आलेला उंचवटा: आजूबाजूच्या भिंतीपेक्षा निम्म्याने जास्त जाड, किंवा अर्धा मिलिमीटर आत घुसलेला, किंवा एकूण जाडी दीड मिलिमीटरच्या वर. जबड्याखाली जिथे धमनी दोन फाट्यांत विभागते तिथे ती फुगीर असते, रक्त भोवऱ्यासारखं फिरतं, आणि नदीच्या वळणावर गाळ साचावा तसा मेद भिंतीत साचतो. प्लाकला नुसत्या जाडीपेक्षा जास्त अर्थ असतो. त्या दिवशीच त्यांनी रोसुवास्टॅटिन २० ही कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन आणि रक्त पातळ ठेवणारी अ‍ॅस्पिरिन ७५ सुरू केली. "पुढे कोण काय म्हणेल ते म्हणो, या गोळ्या कुणी बंद करणार नाही," ते म्हणाले. वर्षभरात भेटलेल्या एकाही डॉक्टरने त्या बंद केल्या नाहीत.

रक्ताच्या तपासण्या १२ तारखेला, उपाशीपोटी. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १४८, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१, मूत्रपिंडाचं क्रिएटिनिन नॉर्मल. शिवाय लायपोप्रोटीन-ए (रक्तातला कोलेस्टेरॉल वाहणारा एक कण) नावाची एक तपासणी त्यांनी मुद्दाम लिहिली होती. साधारण ३० मिलिग्रॅमच्या आत असावं ते माझं ६२ निघालं. हे जवळजवळ पूर्णपणे आनुवंशिक असतं, पथ्याने हलत नाही, आणि आयुष्यात एकदा तपासलं तरी पुरतं. आईच्या वेळी ही तपासणी आम्ही ऐकलीही नव्हती. लॅबचं बिल या सगळ्याचं मिळून २,९०० रुपये झालं.

न्यूरॉलॉजिस्टची वेळ १९ ऑगस्टची मिळाली, राखीपौर्णिमेची. फी १,२०० रुपये. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि आधी प्रश्न विचारले, आणि हेच मला फार आवडलं. डाव्या डोळ्यापुढे कधी पडदा खाली आल्यासारखं होऊन दिसेनासं झालं होतं का, अगदी दोन मिनिटं? उजव्या हातातून भांडं सुटलं? बोलताना शब्द सापडेना, किंवा तोंडातून भलताच शब्द गेला? डावी कॅरोटिड डाव्या डोळ्याला आणि मेंदूच्या डाव्या अर्ध्याला रक्त देते, म्हणून लक्षणं डाव्या डोळ्यात पण उजव्या हातापायात. यातलं काही होऊन आपोआप बरं झालं असेल तर त्याला टीआयए म्हणतात, आणि तो सोडून द्यायचा प्रकार नाही. त्यानंतर पुढच्या तीन महिन्यांत मेंदूचा मोठा झटका, म्हणजे अर्धांगवायू, येण्याचा धोका असतो, त्यातला निम्मा पहिल्या दोनच दिवसांत. माझ्यात यातलं काहीच घडलेलं नव्हतं. मी म्हटलं, अधूनमधून चक्कर येते. त्यावर ते म्हणाले, "नुसती चक्कर सहसा कॅरोटिडची नसते. त्याचा संबंध इथे जोडू नका."

नकळत होऊन गेलेला एखादा छोटा झटका मेंदूत आहे का हे पाहायला त्यांनी एमआरआय सांगितला. ७,००० रुपये. जुना कुठला डाग नव्हता, बीपीमुळे होणारे थोडे बारीक बदल होते. "आता एकदा रक्तवाहिन्यांच्या सर्जनना दाखवा," असं म्हणून त्यांनी चिठ्ठी दिली.

यानंतरचा टप्पा सगळ्यात कठीण गेला. शहरातल्या एका मोठ्या खासगी रुग्णालयात २४ ऑगस्टला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी रिपोर्टवरचा ७० चा आकडा पाहिला आणि सोमवारी अ‍ॅडमिट व्हा म्हणाले. अँजिओग्राफी करू, तिथेच स्टेंट टाकू. अंदाज अडीच ते तीन लाख. आमची फॅमिली मेडिक्लेम जुनी आहे, त्यामुळे खालच्या काउंटरवर कॅशलेससाठी प्री-ऑथचा (आधी मंजुरी घेण्याचा) फॉर्म भरायलाही सुरुवात झाली. तिथली मुलगी प्रेमाने म्हणाली, "काकू, आता तासाभरात अप्रूव्हल येतं." नियम खरंच तसा आहे. २०२४ मध्ये विमा नियामकाने कॅशलेसच्या अर्जावर एका तासात उत्तर द्यायला विमा कंपन्यांना सांगितलंय, आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत. पण पैसे मंजूर होणं म्हणजे उपचार गरजेचा असल्याचा दाखला नव्हे. ही गोष्ट कुठल्याही मोठ्या बिलाच्या उपचाराआधी स्वतःला सांगावी असं मला मनापासून वाटतं.

मी डॉक्टरांना एकच विचारलं, "मला लक्षणं नाहीत, एमआरआय स्वच्छ आहे, मग दोन आठवडे थांबले तर काय बिघडेल?" उत्तर मिळालं, "रिस्क तुमची." ते ऐकून ह्यांचा चेहरा उतरला. मी सही केली नाही. सगळ्या कागदांच्या झेरॉक्स घेतल्या आणि बाहेर पडले. त्या रात्री आम्ही दोघंही झोपलो नाही.

(सूचना म्हणून सांगते: सोनोग्राफीच्या प्रतिमा सीडीत किंवा पेनड्राइव्हवर त्याच दिवशी मागून घ्या. नंतर मागितल्या की 'सिस्टममध्ये शोधावं लागेल' असं होतं. एमआरआयच्या फिल्मपेक्षाही दुसऱ्या डॉक्टरांना सीडी जास्त उपयोगी पडते.)

दुसरं मत घ्यायला परळच्या एका सार्वजनिक रुग्णालयात जायचं ठरवलं. तिथे रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेचा स्वतंत्र विभाग आहे, आणि शस्त्रक्रिया केली काय, नाही केली काय, त्या डॉक्टरांच्या पगारात फरक पडत नाही. ओपीडीचे वार ठरलेले असतात, ते आधी फोन करून विचारावेत. नोंदणीची खिडकी अकराच्या सुमारास बंद होते. नाशिकहून पंचवटी एक्स्प्रेसने निघून ती गाठणं भरवशाचं नाही. म्हणून २ सप्टेंबरला, पोळ्याच्या दिवशी, कल्याणला नणंदेकडे मुक्काम केला. वन्संनी पुरणपोळी केली होती आणि आजाराचा विषयही काढला नाही, त्याचं फार बरं वाटलं.

३ तारखेला सकाळी साडेसातला रांगेत उभी होते. केसपेपर दहा रुपयांचा. आधार कार्ड जवळ ठेवावं. केसपेपरवर विभागाचं नाव नीट लिहून घ्यावं, नाहीतर जनरल सर्जरीच्या रांगेत तासभर जातो. डबा आणि पाणी न्यावं. बाकांवर जागा नव्हती, माणसं जमिनीवर बसली होती. माझ्या शेजारी जळगावकडचे एक आजोबा होते, पायाच्या बोटांना काळेपणा आलेला, तंबाखूने पायाच्या धमन्या बंद झालेल्या. त्यांचा मुलगा मला विचारत होता, "तुमचं मानेत, बाबांचं पायात. आजार एकच का?" माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. नंतर आत गेल्यावर मी तोच प्रश्न डॉक्टरांना विचारला आणि त्यांनी मान हलवली: हो, एकच. धमनी कुठली ते फक्त वेगळं.

आधी एका शिकाऊ डॉक्टर मुलीने सगळी माहिती लिहून घेतली. कुणी तंबाखू, मिश्री? आई मिश्री लावायची. तिने ते ठळक लिहिलं. दोन्ही हातांचं बीपी घेतलं, पायांच्या नाड्या पाहिल्या. साडेबाराला मोठ्या डॉक्टरांसमोर बसले. त्यांनी सीडी लावली, पाच मिनिटं पाहिली आणि त्यांच्या विभागात त्याच दुपारी परत डॉपलर करायला पाठवलं. चारला रिपोर्ट घेऊन आत गेले. अरुंदपणा ४५ ते ५० टक्के.

"काकू, पहिला रिपोर्ट खोटा नाही," ते म्हणाले. "त्यांनी क्षेत्रफळ मोजलंय, मी व्यास मोजतोय." आणि केसपेपरच्या मागे वर्तुळ काढून हिशेब करून दाखवला. व्यास निम्मा झाला की क्षेत्रफळ एक चतुर्थांश उरतं, म्हणजे व्यासाने ५० टक्के अरुंद असलेली धमनी क्षेत्रफळाने ७५ टक्के अरुंद म्हणता येते. त्यात आणखी एक घोळ आहे. व्यासाची तुलना पुढच्या निरोगी धमनीशी करायची की बल्बच्या मूळ रुंदीशी, यावरूनही आकडा बदलतो. उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाने पहिली पद्धत वापरली, युरोपातल्या अभ्यासाने दुसरी. एकाच धमनीचा आकडा एकीकडे ५०, तर दुसरीकडे ७० च्या पुढे जाऊ शकतो. उपचाराचे बहुतेक निकष आता पहिल्या पद्धतीवर बेतलेले आहेत.

म्हणूनच वेगाची ती खालची ओळ महत्त्वाची. अरुंद जागेतून रक्त जास्त वेगाने जातं. वेग सेकंदाला १२५ सेंटिमीटरच्या आत असेल तर अरुंदपणा साधारण ५० टक्क्यांपेक्षा कमी, १२५ ते २३० मध्ये ५० ते ६९, आणि २३० च्या वर ७० किंवा जास्त. माझा पहिल्या रिपोर्टात १३२ होता, इथे १२९. दोन्ही मशीन एकच सांगत होती, ५० च्या आसपास. तुमच्या रिपोर्टवर टक्के लिहिले असतील तर ते व्यासाचे की क्षेत्रफळाचे, हे विचारा, आणि वेगाचा आकडा शोधा. रेडिओलॉजिस्टना फोन करून विचारलं तरी ते सांगतात.

शस्त्रक्रियेबद्दल मी विचारलं. आईचं आठवून विचारलं खरं तर: आत्ताच साफ करून टाकली तर? त्यांनी घाई न करता समजावलं. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लक्षणं येऊन गेलेले आणि ७० ते ९९ टक्के अरुंदपणा असलेले रुग्ण होते. नुसत्या औषधांवर दोन वर्षांत त्यातल्या २६ टक्के लोकांना त्या बाजूचा झटका आला, शस्त्रक्रिया केलेल्यांत ९ टक्के लोकांना. तिथे शस्त्रक्रिया जीव वाचवते, आणि तीही लक्षणानंतर दोन आठवड्यांच्या आत केली तर सर्वांत जास्त उपयोगी. लक्षणं नसलेल्यांवरचा मोठा अभ्यास १९९५ चा, ६० टक्के किंवा जास्त अरुंदपणा असलेल्यांवरचा. तिथे पाच वर्षांत ११ विरुद्ध ५ टक्के असा फरक पडला. पण ते रुग्ण आजच्यासारख्या स्टॅटिनवर नव्हते. आजच्या औषधांवर, लक्षणं नसताना, धोका वर्षाला शंभरात एकाच्या आसपास येतो. शस्त्रक्रियेचा किंवा स्टेंटचा स्वतःचाही झटक्याचा धोका असतो, तो पहिल्याच दिवशी पत्करायचा. "आणि तुमचं ६० सुद्धा नाही. तुम्हाला गोळ्या, बीपी आणि वर्षातून एकदा डॉपलर. सहा महिन्यांनी करू नका, एवढ्यात जाडीत होणारा बदल मशीनच्या चुकीपेक्षा लहान असतो." सीटी अँजिओग्राफीही नको म्हणाले. मानेला जोरात मालिश करून घेणं, मान मोडून घेणं मात्र बंद.

बाहेर आल्यावर मी जिन्यात बसून रडले. ह्यांनी पाण्याची बाटली पुढे केली आणि तेही शेजारी बसले.

७ सप्टेंबरला गणपती बसले. अनंत चतुर्दशीनंतर, १९ तारखेला, हृदयाच्या डॉक्टरांकडे गेले, कारण परळच्या केसपेपरवर शेवटची ओळ होती: 'हृदयाची तपासणी करून घ्यावी.' मला वाटत होतं, मानेचा प्रश्न मेंदूचा. या डॉक्टरांनी तो समज काढला. मानेत प्लाक सापडलेल्या माणसाला हार्ट अटॅकचा धोकाही तितक्याच गांभीर्याने धरावा लागतो, कारण जे मानेत साचलंय ते हृदयाच्या धमन्यांत साचलेलं असण्याची शक्यता मोठी असते. १९९९ साली अमेरिकेत ६५ वर्षांवरच्या ४,४७६ लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आधी कुठलाही हृदयविकार किंवा झटका नसलेल्या या लोकांवर साधारण सहा वर्षं नजर ठेवली होती. कॅरोटिडची भिंत सर्वांत जाड असलेल्या पाचव्या हिश्श्यातल्या लोकांना, सर्वांत पातळ भिंतवाल्यांच्या तुलनेत, हार्ट अटॅक किंवा झटका येण्याचा धोका वयाचा आणि स्त्री-पुरुषाचा फरक धरूनही तिपटीहून जास्त निघाला.

मग सगळ्यांनीच मान का तपासू नये, असं मी विचारलं. त्याचं उत्तर मला महत्त्वाचं वाटतं. २०१२ मध्ये पंचेचाळीस हजारांहून जास्त लोकांची माहिती एकत्र करून पाहिली गेली, तेव्हा वय, बीपी, कोलेस्टेरॉल, साखर, तंबाखू एवढं माहीत असताना वर आयएमटी मोजून अंदाजात फारच थोडी भर पडते असं दिसलं. म्हणून अमेरिकेतल्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांनी सर्रास आयएमटी मोजू नये असं सांगितलं. लक्षणं नसलेल्या लोकांची अरुंदपणासाठी सरसकट मान तपासू नये असंही तिथली तज्ज्ञ समिती सांगते, कारण त्यातून अनावश्यक शस्त्रक्रिया वाढतात. २४ ऑगस्टचं ते काउंटर आठवलं आणि हे लगेच पटलं. हेल्थ चेकअपच्या पॅकेजात 'कॅरोटिड फ्री' असं लिहिलेलं असलं तरी ते घ्यायलाच हवं असं नाही. पण सापडलाच प्लाक, तर तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

टूडी एको आणि ट्रेडमिल टेस्ट मिळून ३,८०० रुपये. दोन्ही ठीक. हृदयाच्या कॅल्शियम स्कोअरबद्दल (हृदयाच्या धमन्यांत साचलेलं कॅल्शियम सीटी स्कॅनने मोजतात, त्याबद्दल) मीच विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले, "तो जास्त आला तरी हेच औषध, शून्य आला तरी तुमच्या मानेमुळे हेच औषध. मग कशाला?" ज्या तपासणीने उपचार बदलणार नाही ती न करणं, हे वाक्य मी तेव्हापासून नातेवाइकांना सांगत असते.

ऑक्टोबरमध्ये, नवरात्रात, एलडीएल ७९ आलं. ध्येय ७० च्या आत होतं, शक्यतो ५५ जवळ. पण पोटऱ्या दुखायला लागल्या. जिना उतरताना विशेष. घरच्यांचा आणि शेजारच्यांचा सल्ला एकच, गोळी बंद कर. मी बंद न करता डॉक्टरांना फोन केला. स्नायूंची सीपीके आणि यकृताची एसजीपीटी तपासली, दोन्ही नॉर्मल. रोसुवास्टॅटिन १० वर आणली आणि सोबत एझेटिमाइब १० ही कोलेस्टेरॉलचीच दुसरी गोळी दिली. दिवाळीनंतर दुखणं गेलं. डिसेंबरमध्ये एलडीएल ५८. औषधं आता जनऔषधी केंद्रातून घेते, बाहेरच्या ब्रँडच्या निम्म्याहून कमी पैशांत. मिश्रणाची गोळी तिथे नेहमी असतेच असं नाही, तेव्हा दोन वेगळ्या लिहून घ्याव्यात.

बीपीचं मशीन दंडावर बांधायचं घेतलं, मनगटाचं नाही. पाठ टेकून पाच मिनिटं शांत बसायचं, मग एका मिनिटाच्या अंतराने दोनदा. घरी १३५/८५ च्या वर वारंवार आलं तर जास्त धरायचं. माझं सकाळचं १४६-१४८ यायचं, दवाखान्यात मात्र ठीक. ती वही पाहून डॉक्टरांनी अ‍ॅम्लोडिपिन ५ वाढवली. लोणचं आणि पापड ताटातून गेले, ते मात्र जड गेलं. गोल्फ क्लबच्या मैदानावर सकाळी पाऊण तास चालते.

दाढेचं काम जानेवारीत झालं. अ‍ॅस्पिरिन बंद करू नका असं दातांच्या आणि हृदयाच्या दोन्ही डॉक्टरांनी सांगितलं. रक्त थोडं जास्त वेळ वाहिलं, कापूस दाबून थांबलं.

खर्चाचं सांगायचं तर ओपीडीतलं हे काहीच मेडिक्लेममध्ये बसलं नाही, बहुतेक पॉलिसींत बसत नाही. जुन्या कररचनेत असाल तर (१९६१ च्या आयकर कायद्यात कलम ८०डी खाली) प्रतिबंधात्मक तपासणीची ५,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते, तीही एकूण मर्यादेच्या आतच, आणि यासाठी रोख दिलेले पैसेही चालतात. बिलं जपा. नवीन पॉलिसी घेताना किंवा कंपनी बदलताना हा रिपोर्ट लपवू नका. आधीच्या आजारासाठीची प्रतीक्षा २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षांची आहे, ती सोसता येते. लपवल्यावर नाकारलेला क्लेम सोसत नाही.

१२ ऑगस्ट २०२५ ला परत परळला गेले, मुद्दाम त्याच विभागात, म्हणजे मोजायची पद्धत तीच राहील. वेग १२७. अरुंदपणा तेवढाच. प्लाकचा मऊ भाग आता जरा घट्ट दिसतोय असं रिपोर्टवर लिहिलंय, आणि मऊपेक्षा घट्ट प्लाक बरा, तो फुटून तुकडा मेंदूकडे जाण्याची शक्यता कमी. पुढची डॉपलर २०२६ च्या ऑगस्टमध्ये.

फ्रिजवर एक कागद लावलाय. चेहरा एका बाजूला ओघळला, हात वर राहत नाही, बोलणं अडखळलं, एका डोळ्याने दिसेना: वेळ बघून ठेवा, १०८ लावा, आणि ज्या रुग्णालयात रात्रीही सीटी स्कॅन होतो तिथेच न्या. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आपल्या भागात असं रुग्णालय कुठलं, हे ह्यांनी स्वतः जाऊन विचारून आणलं आणि कागदावर खाली नंबरासकट लिहिलं. पाच मिनिटांत बरं वाटलं तरी न्यायचंच, हे लाल शाईने आहे.

माझ्या लायपोप्रोटीनचा आकडा पाहून डॉक्टरांनी भावंडांची तपासणी करायला सांगितली होती. धाकटा भाऊ ५१ वर्षांचा, सिन्नरला असतो. टाळाटाळ करत होता, शेवटी यंदा गौरी-गणपतीला आला तेव्हा त्याला लॅबमध्ये घेऊन गेले. एलडीएल १७१, लायपोप्रोटीन-ए ७४. तो म्हणाला, "ताई, मग माझी पण मान बघून घेऊ या." डॉक्टरांनी त्याला डॉपलर सांगितली नाही, बीपी पाहिलं, तंबाखूची पुडी टेबलावर काढून ठेवायला लावली आणि स्टॅटिन लिहून दिली. सहा आठवड्यांनी परत रक्त तपासायचंय.